चौथ्या बाजूची जमीन

भागवतची बायको रुसून जवळा बाजारला माहेरी गेली होती. तिला आणायला निघालेला भागवत हिंगोलीच्या स्टँडवर दोन गाड्या सोडून बाकावरच बसला होता. शेजारी एक नवरा-बायको पोरीच्या सोयरिकीवरून वाद घालत होते.

“पोरगं मलेशियात कंपनीत हाये, गोजरे. नाही म्हणू नको.”

“त्या मुलखाच्या आजूबाजूला काय हाये?”

“तीन बाजूनं समुद्र.”

“अगं बया! मंग आपली प्रतीक्षा रुसल्यावर माहेरी येईल कशी?”

“लग्नाआधीच रुसवा काहून काढून राहिली तू?”

“मी रुसले की आपल्या सिद्धेश्वर गावाहून पायी माहेरी जात व्हते. पोरीला रस्ता नको? शेजारपाजार कोणाचा?”

“मलय हायेत, चिनी हायेत, तमिळबी हायेत. तमिळ आपल्यासारखेच, भात खातेत.”

“आपण भाकर खातो.”

“अगं, चौथ्या बाजूनं जमीन हाये. वर थायलंड, मंग ब्रह्मदेश, मंग आपलं मणिपूर. तिथून नागपूर, अन् नागपूरहून हिंगोलीला गाडी.”

“म्हंजे पायी येता येतंय?”

“येतंय. चपला झिजतील.”

“झिजू द्या. पोरगी रागाच्या भरात बराबर येईल. जावयाला इचारा, मागं न्यायला येशील का?”

“आता हे काय नवीन?”

“तुमी तोंड पाडून येत व्हते, पण दर बारीला येत व्हते.”

जवळा बाजारची तिसरी गाडी लागली. भागवतनं पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला.