हडळीच्या दोन हाका

मुलांसाठी भुताच्या गोष्टी लिहिणं मी का सोडलं, सांगते. दापोऱ्यात शाळा सुटल्यावर वाचनवर्ग भरतो, तिथे मी माझीच गोष्ट वाचत होते. त्यातली केळीच्या बागेतली हडळ नाव घेऊन दोनदाच हाक मारते. ओ दिली की संपलं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी म्हणालं, "सुनंदा!"

मी उठले, तर एका मुलीने पदर धरला. "मॅडम, रुको ना! ओ नका देऊ!"

"सुनंदा!"

मग सगळं चिडीचूप. आम्ही तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलो. ती आलीच नाही. दार वाजलं. माझा रिक्षावाला होता.

मी खेकसले, "हाका कशाला मारतोस रे?"

"मी तर आत्ता येऊन राहिलो, मॅडम. आणि तुमचं नाव मला कुठे माहीत?"