सोमवारच्या पावसाचा मेसेज

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात चूक झाली तर कुणाचं काय बिघडतं, असं परवा तूच म्हणालास ना? मग मिरजगावच्या मंगलमावशींचं ऐक.

त्यांच्या डाळिंबाच्या बागेत आमच्या कंपनीचं यंत्र आहे. ते दर मिनिटाला पानांच्या ओलाव्याची नोंद क्लाउडवर पाठवतं आणि फवारणी कधी करायची याचा मेसेज मावशींना येतो. पूर्वी प्रत्येक नोंदीची वेगळी चिमुकली फाईल व्हायची. अशा लाखो फाईली साठल्या आणि सगळं मंदावलं. म्हणून मी ठरवून दिलं, एका भागातल्या नोंदी एकाच फाईलीत साठतील आणि ती पुरेशी मोठी झाल्यावरच मेसेज ठरवायला पुढे जाईल.

पुढच्याच आठवड्यात मावशींचा फोन आला.

"ताई, मेसेज आलाय. पानं ओली हायत, फवारा मारा म्हनतोय."

"मग मारा ना."

"पाऊस सोमवारी पडला. आज गुरुवार हाय."

त्यांच्या भागात यंत्र एकच, त्यामुळे फाईल भरायलाच तीन दिवस लागले होते. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचा जीपवालाबी शिटं भरायची वाट बघतो. पन अर्धा तास झाला की हायेत तेवढ्यांना घिऊन निघतो."

 फाईल भरो न भरो, पाच मिनिटांनी पुढे जाईल, अशी दुरुस्ती केली. तोवर दोन ओळींतल्या फळांवर बुरशीचे डाग पडले होते. मी बागेत जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला.

आता मेसेज वेळेवर जातो. तो आला की मावशी आधी मला फोन करतात, "ताई, ह्यो आजचाच हाय न्हवं?"