स्क्रीन हवी की काटे?

शेलारच्या लूमशेडमध्ये आम्ही किटचं विमान जोडत होतो ना, तेव्हाचं सांगतो. इंजिन मी बॅटरी मेली तरी चालणारंच निवडलं होतं. भांडण मीटरवरून होतं. मला साधे काट्यांचे मीटर हवे होते, भागीदार मोहन म्हणे, "न्हाय, स्क्रीनच पाहिजे!"

मुंबईहून स्क्रीनवाला आला. आमच्याकडे रोज तीनला लोडशेडिंग. मी त्याला पावणेतीनला कॉकपिटमध्ये बसवलं आणि स्क्रीन भिंतीच्या प्लगवर लावून दिली.

"उंची, वेग, सगळं एका नजरेत! काट्यांचा जमाना गेला, साहेब." त्याचं हे चालूच होतं.

तीन वाजले. लाईट गेली, लूम थांबले, स्क्रीन काळी पडली.

"आता?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आता उतरवा की विमान!"