सशाच्या रक्ताला बर्फ

कोल्हारच्या पुढं एस्टी पंक्चर झाली आन् लिंबाखाली थांबली. मागच्या बाकावर छबूबाईची झोप मोडली. पुढं पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी ससे सांभाळणारा गहिनीनाथ थर्मास कवटाळून बसला हुता. शेजारी रजिया आन् तिचा नवरा रशीद, पायाशी भुशाच्या पोत्यात बर्फाची लादी.

"मावशी, मूठभर बर्फ द्याल का? माझा समदा इरघळला," गहिनीनाथ रजियाला म्हनाला.

"च्या गार करून पितोस व्हय रं?" मागनं छबूबाईनं इचारलं.

"च्या न्हाई. सशाच्या रक्तातलं पिवळं पानी हाय."

"त्येचं काय करायचं?"

"अंगातल्या पेशी वाढवनारं एक प्रोटीन असतं. ते आमी सशाला टोचलं, तवा त्याच्या रक्ताला त्याची वळख पटली. आता हे पानी पेशींवर टाकलं, की ते प्रोटीन कुठल्या पेशीत बसलंय ते साहेबांना घावतं."

"म्हंजी राखनीच्या कुत्र्यावानी."

"तसंच. पन लई तापलं तर वळख इसरतं."

रशीद खाकरला. "पोरा, लेकीची मंगनी हाय आज. व्याह्यांना काय कोमट शरबत पाजू? दुसरा ससा टोच की."

"लई टोचले, मामा. एकालाच नीट वळख पटली, आन् तो परवा मेला. आता एवढंच राह्यलंय."

रजियानं पोतं सोडलं. "उघड थर्मास."

"अगं, पुरल का आपल्याला?"

"व्याह्यांचं मी बघते. नर हुता का मादी, लेकरा?"

"मादी. पिल्लं हायेत तिची."

"मंग ह्यो मोठा खडा बी घे."