तळ्याकाठी अकरा मिनिटं

(व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीतली चाचणीची खोली. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली आहे. खेळाचा मुख्य आणि खेळाची कथा लिहिणारी लेखिका उभ्यानेच बोलत आहेत. बाहेरच्या लोकांना खेळायला बसवून त्यांच्यामागे बसायचं आणि टिपणं काढायची, हे जिचं काम, ती मावशी कोपऱ्यातल्या पडद्यासमोर आहे.)

मुख्य – शून्य म्हणजे शून्य! चौसष्टपैकी एकानेही नाही. आता यात तू मला काय समजावणार?

लेखिका – सर, लोकांना शेवट कळला नसेल. म्हणून काय तो कापायचा?

मुख्य – अडीच वर्षं तू एकच सांगतेयस. जलदत्ता ही राजाची तलवार नाही, तळ्याची आहे. लढाई संपली की राजाने ती तळ्यात परत सोडायची आणि तिथे खेळ संपतो. बरोबर?

लेखिका – बरोबर.

मुख्य – तीन-तीन आठवडे येऊन लोक खेळले. चौसष्ट जण तळ्यापर्यंत पोचले आणि चौसष्टच्या चौसष्ट तलवार घेऊन तसेच उठून घरी गेले. माणूस हातातली वस्तू सोडत नाही, बाई. माझ्याकडे तीन मोडक्या छत्र्या आहेत. बायको म्हणते टाका. टाकतोय का मी?

लेखिका – छत्री आणि जलदत्ता एक नाही.

मुख्य – तेच म्हणतोय. छत्री मोडकी असून टाकवत नाही. तुझी तर वीज पाडते.

मावशी – म्हणजे पाणबाईचा निकाल आज लागणार म्हणायचा.

लेखिका – मावशी, तिला पाणबाई नका ना म्हणू.

मावशी – जलदत्ता म्हणताना माझी जीभ दोनदा अडखळते. पाणबाई एका दमात येते.

मुख्य – पाच वाजता निकाल. त्यानंतर खेळात एक अक्षरही बदलता येणार नाही. नवा शेवट तयार आहे. राजा सिंहासनावर, तलवार मांडीवर, पाठीमागे सूर्य. चित्रकाराने सिंहासन काढूनसुद्धा ठेवलंय.

लेखिका – मग माझं नाव काढा त्यातून.

मुख्य – आली का धमकी?

लेखिका – धमकी नाही, सर. तो खेळ माझा नसेल, एवढंच.

मुख्य – एवढं काय अडलंय त्या तळ्यावाचून? एका मिनिटात सांग. आणि पुस्तकातल्यासारखं नको.

लेखिका – जुन्या गोष्टींमधली मोठी तलवार कुणी बाजारातून आणत नाही. कुणाला ती दगडात रुतलेली सापडते, कुणाला झाडाच्या बुंध्यात, कुणाला पाण्यातून मिळते. ती वरून येते नाहीतर खालून येते. माणसाकडून येत नाही. आता आपली बघा. आकाशातून लोखंड पडलं, तळ्याने ते विझवलं, नऊशे वर्षं पोटात सांभाळलं. म्हणून पातं निळं. म्हणून मुठीवर मासोळीचे खवले. आणि म्हणून तिला म्यान नाही, कारण तळं हेच तिचं म्यान. राजाला ती सुरुवातीलाच मिळते, पण कामापुरती. काम झाल्यावर तो परत देतो ना, तेव्हा तो राजा होतो. मांडीवर घेऊन बसला तर नुसता तलवारवाला.

मुख्य – छान आहे. खरंच पटतंय. पण चौसष्ट!

मावशी – साहेब, हे चौसष्ट माझ्या तक्त्यातले ना?

मुख्य – तुमच्याच. 'तलवार परत दिली का? हो किंवा नाही.' वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही.

मावशी – आणि त्याच्या पुढचा रकाना?

मुख्य – कुठला पुढचा?

मावशी – शेरा.

मुख्य – शेरे कोण वाचतं, मावशी?

मावशी – वाटलंच मला. बावीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात शिवण तपासली मी. तिथलेही साहेब पास-नापास बघून सही ठोकायचे. शेऱ्यात मी लिहिलेलं असायचं, की दोन्ही बाह्या डाव्याच लावल्यात.

लेखिका – मावशी, काय लिहिलंय शेऱ्यात?

मावशी – वाचते. सातवा. ट्रक चालवतो. तळ्याकाठी अकरा मिनिटं. एकूण एक बटण दाबून बघितलं. मग बारावी, दातांची डॉक्टर. तिने आधी चिलखत उतरवलं, मग बूट, मग शिदोरी, मग मशाल. सगळं काठावर ओळीने मांडलं. नुसती तलवार घेऊन पाण्यात शिरली. गळ्यापर्यंत गेली, उभी राहिली, बुडाली.

मुख्य – बुडाली?

मावशी – तीनदा. दर वेळी पुन्हा सगळं उतरवून ओळीने मांडलं. टापटीप बाई. एकतिसावा, निवृत्त पोस्टमन. त्याने तळ्याला हाक मारली.

लेखिका – खेळात हाक मारायची सोयच नाही.

मावशी – खेळात नाही गं, इथे. या खुर्चीतून. 'अगं, घे ना आता!' म्हणाला. मग मागे मी बसलेय हे आठवलं आणि लाजला.

लेखिका – म्हणजे... देत होते ते.

मुख्य – देत होते तर दिली का नाही मग?

मावशी – ते मला विचारू नका. मी शिवण बघते, मशीन दुरुस्त करत नाही. पडद्याच्या तळाला बारीक लाल अक्षरं येतात. 'ही वस्तू सोडता येत नाही.'

लेखिका – कुठे? मी तर कधीच पाहिली नाहीत.

मावशी – तू शेवट कुठून बघतेस?

लेखिका – चोरवाटेने. आम्ही सगळेच तसे बघतो. अख्खा खेळ खेळायचा तर चाळीस तास जातात. म्हणून थेट शेवटच्या दृश्यात उतरायची एक वाट करून ठेवलीये. तिथे राजा काठावर उभा असतो आणि त्याचा...

मावशी – त्याचा?

लेखिका – हात रिकामा असतो. तलवार आधीच पाण्यात पडलेली असते.

मुख्य – म्हणजे अडीच वर्षांत या इमारतीतल्या एकाही माणसाने ती स्वतःच्या हाताने तळ्यात सोडून बघितली नाही?

मावशी – पंगत वाढली, वाखाणली, घास तेवढा कुणी घेतला नाही.

मुख्य – थांबा, प्रोग्रामरला विचारतो. हॅलो? जलदत्तेला कुलूप कुणी घातलं? ... हो, तेच, सोडता येत नाही ते. ... कधी? ... कुणाच्या सांगण्यावरून? ... वाच. ... परत एकदा वाच. ... बरं, ठेव.

लेखिका – कुणाच्या?

मुख्य – दीड वर्षापूर्वीची सूचना. मजकूर असा, 'जलदत्ता कोणत्याही परिस्थितीत राजाच्या हाताबाहेर जाता कामा नये.' पुढे तीन उद्गारचिन्हं.

मावशी – तीन उद्गारचिन्हं देणारी बाई आपल्याकडे एकच आहे.

लेखिका – गाढव!

मुख्य – कोण, मी?

लेखिका – तुम्ही नाही हो. गाढवच होतं ते. पहिल्या गावातला फेरीवाला आठवतो? वस्तूच्या बदल्यात वस्तू देणारा? लोक त्याला जलदत्ता द्यायचे आणि गाढव घ्यायचे.

मुख्य – हो, हो! सामान वाहायला.

लेखिका – एका आठवड्यात एकोणीस जणांनी. तळ्याने नऊशे वर्षं पोटात सांभाळलेली तलवार, आणि बदल्यात काय, तर गाढव! माझं डोकंच फिरलं. होते तिथून लिहून पाठवलं. तिचा सौदा होऊ नये, एवढंच म्हणायचं होतं मला.

मुख्य – आणि त्याने शब्दाला शब्द पाळलं.

लेखिका – पाळलं.

मावशी – लेकीला कुणाची नजर लागू नये म्हणून घराला आतून कडी घातली आणि मग रडत बसली, की मुलगी सासरी का जात नाही.

लेखिका – पुरे ना, मावशी. सर, काढायला सांगा ते कुलूप.

मुख्य – काढायला पाच मिनिटं लागतील म्हणाला. पण कुलूप एकच आहे. ते निघालं की तळ्याचं दार उघडतं आणि फेरीवाल्याचंही उघडतं. फक्त तळ्यापुरती वेगळी सोय करायची तर तीन आठवडे, आणि ते आपल्याकडे नाहीत.

लेखिका – म्हणजे गाढव परत येणार.

मुख्य – येणार.

लेखिका – फेरीवाल्यालाच काढून टाकलं तर?

मुख्य – दोर त्याच्याकडूनच मिळतो. दोर नाही तर दरी ओलांडता येत नाही, आणि राजा पहिल्याच गावात म्हातारा होतो. तूच लिहिलंयस.

लेखिका – तिला कुणीतरी गाढवापायी देऊन टाकणार, आणि ते मी चालवून घ्यायचं?

मावशी – देऊ दे की. ज्याला गाढव हवं त्याला गाढव लखलाभ. तो कशाला येतोय तळ्यापर्यंत? जो येईल तो गाढवाला नाही म्हणून आलेला असेल. आत्ता जे पोचले, त्यांनी कशाला नाही म्हटलं सांग. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

लेखिका – हे कथेत असायला हवं होतं.

मावशी – तू खवले मोजत होतीस.

लेखिका – काढा, सर. पूर्ण काढा.

मुख्य – नक्की? मागाहून तीन उद्गारचिन्हं आलेली चालणार नाहीत मला.

लेखिका – नक्की.

मुख्य – हॅलो? काढ. ... हो, पूर्ण. ... तिलाच विचारून सांगतोय. ... ठीक. हे बघ, कामाला लागला तो. पण याने तुझा शेवट वाचला असं समजू नकोस. तलवार देता येत नव्हती, एवढंच कळलं. देता आली की लोक देतील, हे कुठे कळलंय? बंद दार बडवणारा माणूस दार उघडल्यावर आत जातोच असं नाही. चपला शोधायला लागतो.

लेखिका – मग कुणाला तरी खेळवून बघा.

मुख्य – तळ्यापाशी पोचलेला माणूस पाचच्या आत कुठून पैदा करू?

मावशी – माझा राजा उभा आहे की.

मुख्य – तुमचा?

मावशी – जेवणाच्या सुट्टीत खेळते. सहा महिने झाले. गेल्या सोमवारी पोचले. तेव्हापासून काठावर ताटकळतोय बिचारा.

लेखिका – मावशी! कधी बोलला नाहीत.

मावशी – बघणाऱ्याने खेळू नये असा नियम आहे ना. म्हणून तेवढं मात्र शेऱ्यातसुद्धा लिहिलं नाही.

मुख्य – नियमाचं नंतर बघू. पण एक सांगतो, मावशी. आमच्याकडे बघून देऊ नका. हिच्यासाठी तर मुळीच नको. ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा, मी सिंहासन लावून मोकळा होतो.

मावशी – साहेब, बावीस वर्षांत वशिल्याची एक बाही पास केलेली नाही मी. सरक गं जरा. आणि तो चष्मा दे.

लेखिका – मी बघणार नाही.

मावशी – नको बघू. कुणी सक्ती केलीये?

मुख्य – आला निरोप. कुलूप निघालं. बंद करून पुन्हा सुरू करा.

मावशी – केलं. हा बघा माझा राजा. गवत मात्र छान हलवलंय हं कुणी हलवलंय ते. ... लाल अक्षरं गेली. आता विचारतंय, 'सोडायची?'

लेखिका – हो!

मुख्य – तू बोलायचं नाहीस.

मावशी – सोडायची... म्हणजे एकदा गेली की गेली ना गं?

लेखिका – एकदा गेली की गेली.

मुख्य – मावशी?

मावशी – हं.

मुख्य – दोन मिनिटं होत आली.

मावशी – झाली असतील.

लेखिका – सर, तुम्हीही बोलायचं नाही.

मावशी – त्या पुलावर अकरा जण अंगावर आले होते माझ्या. मी डोळे मिटून बटण दाबत होते. हिनेच निभावून नेलं.

मुख्य – म्हणजे ठेवताय. ठीक आहे, त्यात वाईट काही नाही. मी चित्रकाराला कळवतो.

मावशी – फोन खाली ठेवा, साहेब. सहा महिने दुसऱ्याची वस्तू वापरली मी. पात्याला अजून चिखल आहे. पुसायचं बटण कुठलं गं, पोरी?