निळ्यावर निळा

बेरिल : हा पापुद्रा उन्हात धर, क्लाइव्ह. असा आडवा नको, कडेनं बघ. वरचा सगळा निळा आहे, नखाएवढा जाड. त्याच्या खाली लाल, मग निळा, पुन्हा लाल. खालचे थर कागदासारखे पातळ आहेत.

क्लाइव्ह : फाटक का उघडत नाही, एवढं सांग. वर्ग नंतर घे.

बेरिल : तेच सांगतेय. लाकूड कोरडं आहे, बिजागऱ्या ठीक आहेत. रंगामुळे जाड होऊन ते चौकटीत अडकलंय.

क्लाइव्ह : रंगानं कधी फाटक अडकतं का?

बेरिल : लाल फाटक निळं करायचं तर आधी लाल खरवडावं लागायचं, नाहीतर जांभळट दिसायचं. निळ्याचं लाल करतानाही तेच. आता तुम्हीच जिंकताय, त्यामुळे निळ्यावर निळा. खरवडायचं कारणच उरलं नाही. मी दरवर्षी डबा उघडायचे, ब्रश फिरवायचे आणि चहा प्यायला आत जायचे.

क्लाइव्ह : म्हणजे चूक तुझी.

बेरिल : हरले मी, रंगवलं मी आणि चूकही माझीच. जिंकणाऱ्याला काही काम दिलंच नव्हतं बाबांनी. खरवडायची दुसरी पट्टी घे आणि तू खालून सुरुवात कर. मला गुडघ्यावर बसवत नाही.

क्लाइव्ह : मला बसवतं असं वाटतं तुला? बाबांच्या डोक्यातून निघालेली ही पैज. फुटबॉलमध्ये बायको निळ्या रोव्हर्सची, आपण लाल टाउनचे, तर हरणाऱ्यानं मागचं फाटक जिंकणाऱ्याच्या रंगात रंगवायचं. त्यांना काय माहीत, पोरं म्हातारी होईपर्यंत रंगवत बसतील.

बेरिल : लहानपणी तुला आईनं तिच्या सामन्यांना नेलं, मला बाबांनी त्यांच्या. नाहीतर आज दोघं मिळून रडलो असतो.

क्लाइव्ह : बरं, तीनला बैठक आहे.

बेरिल : माहीत आहे.

क्लाइव्ह : इम्तियाज न्यायला येईल.

बेरिल : तेही माहीत आहे. तिथं अजून अडकतंय बघ, कोपऱ्यात.

क्लाइव्ह : काय सांगणार आहेस?

बेरिल : विचार करतेय.

क्लाइव्ह : जानेवारीत म्हणालीस, विचार करतेय. आता एप्रिल आहे. तुमच्या टाउन समर्थकांच्या मंडळात तिघं 'हो' म्हणतात, तिघं 'नाही', आणि सातवी तू. तुमच्या होकाराशिवाय तुमच्या मालकाला, म्हाताऱ्या एन्टविसलला, टाउन विकता येत नाही. ते परदेशी गिऱ्हाईक थांबून थांबून थकलं. काल सामन्याला सगळे तुझ्याकडेच बघत होते म्हणे.

बेरिल : सहा गोल खाताना आमच्याकडे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

क्लाइव्ह : गिऱ्हाईक माणूस कसा आहे?

बेरिल : नम्र आहे. त्यांच्या कंपनीचे चार देशांत चार क्लब आहेत, आमचा पाचवा. पडद्यावर चित्रं दाखवली. मग मला विचारलं, दहा वर्षांनी तुम्ही टाउनला कुठं बघता?

क्लाइव्ह : तू काय म्हणालीस?

बेरिल : म्हटलं, पूर्वेकडच्या स्टँडमधून, खांबाच्या डावीकडून. तो हसला आणि लिहून घेतलं.

क्लाइव्ह : लिहून घेतलं?

बेरिल : खरंच घेतलं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी जानेवारीतच मोकळी झाले असते. तुमचा मालक तरी कुठं वाईट आहे?

क्लाइव्ह : नाही ना. छप्पर घातलं, पायऱ्यांना कठडे लावले. बायकांसाठी नवे संडास बांधले.

बेरिल : त्या संडासांपायी मी एकदा जवळजवळ 'हो' म्हणणार होते. आमच्याकडे अजून अर्धा वेळ रांगेत जातो.

क्लाइव्ह : आणि खेळ, बेरिल. असा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. तो मधला ठेंगणा पोरगा पायात चेंडू घेतो ना, तेव्हा...

बेरिल : तेव्हा काय?

क्लाइव्ह : काही नाही. छान खेळतो.

(फाटकावर बाहेरून तीन थापा.)

इम्तियाज : मिस? मी आलोय. फाटक उघडत नाहीये.

बेरिल : लवकर आलास, इम्तियाज.

इम्तियाज : दुकानात बसवेना. औषधाच्या बाटलीवर चुकीचं नाव चिकटवलं सकाळी. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं, पण म्हटलं, आज दुकान बंदच केलेलं बरं. पुढच्या दारानं येऊ का?

क्लाइव्ह : पुढे माझी शिडी आडवी पडलीय. तिथंच थांब, पाच मिनिटांत सुटतंय. नाही सुटलं तर भिंतीवरून उडी मार.

इम्तियाज : चांगला कोट घातलाय, क्लाइव्हकाका. बैठक आहे ना. पण सहा गोल मारून तुम्ही अजून खूश दिसत नाही, आवाजावरून तरी.

क्लाइव्ह : खूश आहे की.

बेरिल : इम्तियाज, तुला वर्गातही विचारायचे तसं विचारते. तू 'हो' का म्हणालास? मंडळात सांगितलंस ते नको, खरं सांग.

इम्तियाज : खरं तेच सांगितलं होतं, मिस. वरच्या लीगमध्ये वीस क्लब. त्यांतले किती जण अजून गावातल्या माणसाच्या हातात आहेत? आम्ही आणि अजून एखाददुसरा. सगळे बुटांनी पळतायत आणि आम्ही अनवाणी. दरवर्षी नखांनी धरून लटकतो, शेवटच्या आठवड्यात वाचतो. यंदा नाहीच वाचणार बहुतेक. माझ्या पोरी विचारतात, अब्बा, आपण कधी जिंकणार? मला त्यांना एकदा चषक दाखवायचाय. एवढंच. त्यात काही चूक आहे का?

बेरिल : अजिबात नाही.

क्लाइव्ह : इम्तियाज, आम्हाला विकलं तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. रस्त्यात नाचलो होतो मी, बेरिलला विचार. पहिली दोन वर्षं मजा आली. मग अजून तिघांना तसेच मालक मिळाले, आमच्यापेक्षा मोठ्या थैलीचे. आता कसं आहे माहीत आहे? ऑगस्टमध्ये पेपरात येतं, कुणी किती खर्च केला. ते पान मी कापून ठेवतो. मे महिन्यात गुणांचा तक्ता आला की शेजारी धरतो. वरचे चार तेच असतात, क्रमही जवळजवळ तोच. मालक मालकाशी खेळतात आणि आम्ही मफलर घालून बघतो.

इम्तियाज : पण तुम्ही वर आहात ना, काका. वरून बोलणं सोपं असतं.

क्लाइव्ह : हे मात्र बरोबर बोललास.

बेरिल : शाळेत आपण दोन गोष्टी करायचो, आठवतं? प्रात्यक्षिक आणि प्रयोग. प्रात्यक्षिकात काय होणार ते मला आधी ठाऊक असायचं. मी टेबलामागे उभी राहून करायचे आणि तुम्ही मागच्या बाकावर झोपायचात.

इम्तियाज : मी झोपायचो नाही, मिस.

बेरिल : तू घोरायचास. प्रयोगाच्या दिवशी मात्र कुणी झोपत नसे, कारण काय होईल ते मलाही माहीत नसायचं.

इम्तियाज : आमचाही प्रयोग कुठं उरलाय, मिस? दर आठवड्याला हरतो. तेही आधीच माहीत असतं.

बेरिल : हो, तिथंच मी अडकलेय. 'नाही' म्हटलं म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल, असं मला वाटत नाही. कदाचित आपण खालच्या लीगमध्ये जाऊ आणि खालीच राहू. तुझ्या पोरींना मी काय उत्तर देऊ? जानेवारीपासून दोन्ही बाजू लिहिते आणि दोन्हींत दम दिसतो.

क्लाइव्ह : लाल लागलं.

बेरिल : कुठं?

क्लाइव्ह : इथं, कडीखाली. अखंड पट्टा आहे. हे मी रंगवलेलं. शेवटचं.

इम्तियाज : कुठला सामना, काका? तो नव्वदाव्या मिनिटाचा?

क्लाइव्ह : नव्वदाव्या मिनिटाचा कसला? पंचानं चहा पिऊन शिट्टी वाजवली तेव्हाचा. तुमचा तो लंगडा फुलबॅक, जन्मात गोल केला नव्हता त्यानं. डोक्याला लागून आत गेला चेंडू. डोळे मिटलेले होते त्याचे.

बेरिल : तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

क्लाइव्ह : तीन दिवस. जेवलोही नाही धड. पावसात रंगवत बसलो आणि सगळा रंग ओघळून खाली. पुन्हा रंगवलं. शिव्या देत रंगवलं. त्या रात्री झोप आली नाही.

बेरिल : आणि काल?

क्लाइव्ह : काल काय?

बेरिल : काल तुम्ही सहा मारले. झोप लागली?

क्लाइव्ह : लागली.

बेरिल : मग चेहरा असा का?

क्लाइव्ह : पट्टी बोथट झालीय. दुसरी दे.

बेरिल : क्लाइव्ह.

क्लाइव्ह : मी काल शेवटपर्यंत थांबलो नाही.

बेरिल : काय?

क्लाइव्ह : चौथा झाला आणि उठलो.

इम्तियाज : तुम्ही, काका? धुक्यात चेंडू दिसत नव्हता तेव्हासुद्धा तुम्ही एकटे बसला होतात. आमच्या घरी सांगतात ती गोष्ट.

क्लाइव्ह : बसलो होतो. दिसत नव्हतं म्हणूनच बसलो होतो, काय होतंय कुणास ठाऊक म्हणून. काल उठलो आणि चिप्स घ्यायला गेलो. वाटलं, दुकान रिकामं असेल. रांग होती, बेरिल. दारापासून कोपऱ्यापर्यंत. सगळ्यांच्या गळ्यात निळा मफलर. टाउनशी सामना चालू आहे, आम्ही जिंकतोय आणि आम्ही रांगेत उभे. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. मैदानातून आवाज आला, पाचवा झाला. पुढचा माणूस म्हणाला, व्हिनेगर जास्त घाला.

बेरिल : हे मला काल का नाही सांगितलंस?

क्लाइव्ह : काय सांगू? बायकोला घटस्फोट देणं सोपं गेलं होतं मला.

इम्तियाज : आमच्याकडे कुणी उठलं नाही, काका.

क्लाइव्ह : सहा खाऊनही?

इम्तियाज : अगदी शेवटी एक कॉर्नर मिळाला आम्हाला. सामन्यातला पहिला. सगळा स्टँड उभा राहिला. माझी धाकटी माझ्या खांद्यावर चढली. गोल नाही झाला, पण तिचा घसा बसलाय. सकाळी खुणेनं दूध मागत होती.

बेरिल : मीही उभी होते. या गुडघ्यांवर.

क्लाइव्ह : बघ म्हणजे.

बेरिल : पण खाली गेलो तर, क्लाइव्ह? मग हा सामनाच नाही. ना तुझा, ना माझा. फाटकाला रंगच नाही.

क्लाइव्ह : आधी नाही का गेलात? सहा वर्षं होतात खाली.

बेरिल : सहा वर्षं. गोठ्यासारख्या मैदानांवर.

क्लाइव्ह : मला माहीत आहेत ती मैदानं.

बेरिल : तुला कशी?

क्लाइव्ह : यायचो अधूनमधून.

बेरिल : टाउन बघायला?

क्लाइव्ह : पाहुण्या संघाच्या बाजूला तिकीट काढायचो. गल्लीतल्या कुणी बघितलं असतं तर घर विकावं लागलं असतं. एकदा कुठल्या तरी खाणगावच्या लोकांमध्ये उभा राहून त्यांचं गाणं म्हणावं लागलं.

बेरिल : आईनं विणलेली मोरपंखी टोपी घालून.

क्लाइव्ह : तू बघितलंस?

बेरिल : त्या टोपीत तू चंद्रावरूनही दिसला असतास. मी काही बोलले नाही. वाटलं, बोलले तर यायचा बंद होशील.

इम्तियाज : क्लाइव्हकाका टाउनच्या सामन्याला. हे मी दुकानात सांगितलं तर चालेल?

क्लाइव्ह : तुझ्या गोळ्या दुसरीकडून घेईन.

बेरिल : क्लाइव्ह, का यायचास?

क्लाइव्ह : तुम्ही वर येता की नाही ते बघायला. मला हरवणारं दुसरं कोण होतं? बाकीच्यांकडून हरलो तर नुसता हरायचो. तुझ्याकडून हरलो की फाटक रंगवावं लागायचं. आता तुम्हालाही तसाच मालक आला तर तुम्ही जिंकाल कदाचित. चिप्सच्या रांगेत आपण दोघं शेजारी उभे राहू. तुला ते हवं असेल तर मी काही म्हणणार नाही. पण गुडघे पार जायच्या आत मला एकदा हे लाल रंगवायचंय. खरं लाल. शिव्या देत.

इम्तियाज : मिस, एक सांगू?

बेरिल : सांग.

इम्तियाज : मी 'हो' म्हणालोय, ते बदलणार नाही. पण सकाळी ती पोरगी खुणेनं दूध मागत होती ना, तेव्हा वाटलं की माझ्याऐवजी कुणी तरी 'नाही' म्हटलं तर मला फार राग येणार नाही. तुम्ही काय ते एकदा सांगून टाका. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मला आज झोप लागेल.

क्लाइव्ह : ढकल आता, इम्तियाज. खांदा लाव.

इम्तियाज : कोट—

क्लाइव्ह : कोट झटकता येतो.

बेरिल : हळू. कडीच्या बाजूनं. अजून थोडं... हं.

इम्तियाज : उघडलं.

बेरिल : चौकटीला घासतसुद्धा नाही. बंद करून बघ. परत उघड. किती हलकं झालंय.

क्लाइव्ह : आता हे असं ठिपक्यांचं ठेवणार का? निम्मं लाल, निम्मं निळं, निम्मं लाकूड.

बेरिल : तीन निम्मे होत नाहीत. काल मी हरलेय, तर संध्याकाळी येऊन निळं करीन. एकच हात, पातळ. आणि पुढच्या वेळी कुणीही हरलं तरी आधी खरवडायचं.

क्लाइव्ह : पुढच्या वेळी म्हणालीस.

बेरिल : म्हणाले. माझी पर्स दे, त्या बादलीवर आहे.

इम्तियाज : तुमच्या केसांत निळं पडलंय, मिस.

बेरिल : असू दे. सगळ्यांना माहीत आहे आपण हरलोय. गाडी कुठं लावलीस?

इम्तियाज : बोळाच्या तोंडाशी. मिस, वाटेत मंडळातल्या डेरेकचा फोन येईल. तो दर दहा मिनिटांनी विचारतोय. त्याला काय सांगू? नेहमीसारखं, अजून विचार करताहेत म्हणून?

बेरिल : नको. सांग त्याला, मी 'नाही' म्हणणार आहे.