फोटोतली कडेची मुलगी

“दवाखान्यात लोकांच्या बोलण्याला कान लावू नकोस, मग घरी येऊन तेच घोकत बसतेस,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. सुनेने ते हसण्यावारी नेलं. आज लशीसाठी बाळाला मांडीवर घेऊन बसली, आणि शेजारी बसलेल्या दोघींच्या ऑफिसच्या गप्पा सुरू झाल्या.

“नव्या पदवीधरांच्या उत्कृष्ट भरतीचा पुरस्कार! आणि घेतला कुणी? तर आमच्या मॅडमने!”

“अगं, मुलं तर सगळी तू निवडलीस ना?”

“कॉलेजं मी पालथी घातली, मिरवली ती. हा बघ मोबाइलवर समारंभाचा फोटो, दात मावत नाहीत तिचे.”

“ही कडेची कोण गं? रडवेली दिसतेय.”

“मी निवडलेल्यांतली सगळ्यात हुशार मुलगी. तिलाही स्वतःची निवड म्हणून स्टेजवर नेली बयेने.”

“हल्ली दिसत नाही ती.”

“सोमवारपासून आलीच नाही. फोनही बंद.”

“अगंबाई! घरचे?”

“घरचे कुठले इथे? खोली घेऊन एकटी राहते.”

“मग कुणी जाऊन बघितलं का?”

“मी का जाऊ? मिरवलं जिने, तिने जावं.”

तेवढ्यात बाळाचा नंबर पुकारला. सून उठली, लस झाल्यावर त्या मुलीचा पत्ता विचारायला परत वळली, तोवर दोघी निघून गेल्या होत्या. त्या मुलीचं नावही तिला ठाऊक नाही. तुमच्या ऑफिसातली नवी मुलगी दिसेनाशी झाली असेल, तर बक्षीस कुणाचंही असो, आजच तिच्या खोलीचं दार वाजवून या.